फाटक

बुरुलची नेमणूक झाली त्या हिवाळ्यात
मी तिच्याशी नऊ दिवस बोललो नाही.
एकवीस वर्षं बर्फ उपसला मी या कारा-बेल खिंडीत,
आणि प्रमुखाचा शिक्का आला
ओशहून उतरलेल्या, एकतीस वर्षांच्या
नव्या बुटांच्या पोरीच्या खिशात.
सादिर म्हणाला, चहा तरी विचार.
म्हटलं, किटली तिला दिसते की.

सुरुवातीला ती आवाज चढवून बोलायची.
वाऱ्याशी नवखी माणसं तशीच बोलतात.
कुठला डोजर आधी, मीठ किती, वाळू किती,
सगळं तिला ठाऊक.
आम्ही माना हलवायचो
आणि बाहेर जाऊन आमचंच खरं करायचो.

फेब्रुवारीत फाटकाशी बावीस ट्रक अडले.
कांदे गोठत होते. फोनवर कुणाचा तरी साहेब ओरडला,
मग त्याच्याहून मोठा साहेब.
मला उताराचा रंग पसंत नव्हता.
मी बोललो नाही.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
तिनं दोर ओढला. फाटक वर गेलं.

तिसरा ट्रक वळणावर असताना उतार सुटला.
आवाज मोठा नव्हता,
कुणी शेजारी गोधडी झटकावी इतकाच.
हातमोजे फाटेस्तोवर उकरलं आम्ही.
ड्रायव्हर वाचला.
सादिरची दोन बोटं त्या रात्री काळी पडली,
पुढे काढावीच लागली.

चौकशीच्या कागदावर जागा भरपूर होती:
हवामान खातं, वरून आलेला फोन, म्हातारा डोजर.
तिनं एकच ओळ लिहिली.
फाटक मी उघडलं.
मग शेगडीपाशी येऊन बसली, बूट काढले
आणि विचारलं, "ताशमत आके,
तुम्हाला काय दिसलं होतं?"
आवाज इतका खाली
की आधी लाकूड तडतडलेलं ऐकू आलं.
त्या दिवशी मी तिला चहा ओतला.

लगेच शहाणी झाली म्हणावं, तर तसंही नाही.
पुढल्या वर्षी चिडचिड केली,
एकदा रडली, डिझेलच्या टाकीमागे,
आम्ही बघितलं नाही असं ठरवलं.
दारू पिऊन आलेल्या एका पोराला घरी पाठवलं
आणि महिनाभर त्याच्या आईची खबर घेत राहिली.
पण पहाटे उताराखाली उभी राहायची, टोपी काढून,
आणि परत येऊन एकेकाला विचारायची.
स्वयंपाकघरातल्या साल्कीनलाही.
साल्कीन म्हणाली, डोंबकावळे आज खरकट्यावर आले नाहीत.
तिनं तेही वहीत उतरवलं.
आम्ही हसलो. मग हसणं आपोआप थांबलं.

चौथ्या हिवाळ्यात लग्नाची बस अडली.
नवरीचा बाप फाटकावर थुंकला,
तिच्या सात पिढ्या उद्धरल्या.
ती ऐकत उभी राहिली,
मग बसमध्ये भाकऱ्या पाठवल्या, गरम,
आणि पोरांसाठी माझी गोधडी, मला न विचारता.
दोर तसाच बांधलेला.
सकाळी नऊला फाटक उघडलं.
रात्रभरात उतारावरून एक खडाही घसरला नव्हता.
बस निघून गेली, काचेतून कुणी हात हलवला नाही.
न झालेल्या अपघातासाठी
आमच्या रजिस्टरात रकाना नाही.

काल ती दात दाखवायला खाली गावात गेली.
जाताना दोर माझ्या हातात दिला,
म्हणाली, "दुपारपर्यंतच."
चार गाड्या आल्या. मग सात. मग हॉर्न.
साधा दोर, बर्फानं कडक झालेला,
माझ्याच हातानं गाठ मारलेला,
आणि इतकी वर्षं मला वाटत होतं
की याला वजन नसतं.

मी सादिरला हाक मारली.
तो आला, तीन बोटांनी टोपी सावरत.
म्हटलं, जरा थांब इथे.
तो वरचा उतार...
तुला कसा दिसतोय, सांग.